जरा सरकता का?

हॉटेलातली काच पुसायची वेळ ठरलेली असते. गिऱ्हाईक आत येतं, चौफेर नजर टाकून खिडकीजवळचं टेबल पटकावतं, मेन्यूकार्ड पहिल्या पानापासून थेट मिल्कशेकपर्यंत वाचतं आणि शेवटी नेहमीचाच मसाला डोसा सांगतं. डोसा येतो. त्याच्या टोकाचा कुरकुरीत तुकडा मोडला जातो, चटणीत बुडतो आणि तोंडाकडे निघतो. तीच ही वेळ. खांद्यावरून एक हात पुढे येतो, हातात निळ्या पाण्याची बाटली असते आणि कानाशी आवाज येतो, "जरा सरकता का, साहेब?"

शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा प्रश्न नव्हे. प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देता येतं. इथे उत्तर द्यायच्या आत आपण सरकलेलो असतो. उजव्या हातात डोशाचा तुकडा, डाव्या हातात सांबाराची वाटी, काखेत छत्री, अशा अवस्थेत आपण ज्या खुर्चीवर जाऊन टेकतो तिथून फक्त हात धुवायचं बेसिन दिसतं. तिथे कुणीतरी मनापासून चुळा भरत असतं. खिडकीतून रस्ता दिसावा म्हणून आपण हे टेबल धरलेलं असतं, आणि आता रस्ता सोडून सगळं दिसत असतं.

मी पुण्यात राहतो. त्यामुळे असल्या प्रकाराची चौकशी न करता गप्प बसणं मला शोभणारं नाही. एका हॉटेलच्या मॅनेजरना मी सरळच विचारलं की काचा पुसायला गिऱ्हाईक जेवायला बसायचाच मुहूर्त का काढता. ते गल्ल्यावर सुट्या पैशांच्या चळती लावत होते. मान वर न करता म्हणाले, "सकाळी सातपासून नाश्ता. साडेअकरा ते तीन थाळी. पाचपासून परत चहा-नाश्ता, आठला जेवणं. आता तुम्हीच सांगा, काचा कधी पुसायच्या?"

"तीन ते पाच."

"मग तीन ते पाचच पुसतो की. तुम्ही तीन ते पाच येता."

युक्तिवाद बिनतोड होता. मी एक कॉफी सांगितली आणि बसलो. चार वाजले होते.

दुपारी तीन ते पाच हॉटेलात बसणारी माणसं हा मुळात एक निराळाच समाज आहे. त्यात विमा एजंट असतो आणि त्याच्या समोर, दरवाज्याकडे अधूनमधून बघणारा, त्याचा शाळेतला मित्र असतो. दिवाळी अंकाचे संपादक असतात आणि मानधनाचा विषय कुणी काढायचा यावर दोन कॉफ्या संपवणारे लेखक असतात. जागेचा दलाल, त्याची फाईल, ती फाईल उघडायची वाट बघणारं जोडपं. लॅपटॉपचा चार्जर भिंतीत खुपसून एका चहावर संध्याकाळ करणारा तरुण. निवृत्त होऊन घरी पंखा लावायची चोरी झालेले गृहस्थ. ह्या मंडळींचं बिल थोडं आणि मुक्काम मोठा. हॉटेलच्या हिशेबात ही गिऱ्हाइकं नसून फर्निचर आहे, आणि साफसफाईच्या वेळी फर्निचर सरकवावं लागतं.

याच वेळेत हल्ली आणखी एक कार्यक्रम असतो. कांदेपोहे घरातून उठून हॉटेलात आलेत. मुलगा-मुलगी खिडकीजवळच्या टेबलावर समोरासमोर बसतात, आणि दोन्हीकडची वडील मंडळी चार टेबलं सोडून, पाठ करून, कान मात्र इकडे ठेवून बसतात. असाच एक कार्यक्रम शेजारच्या टेबलावर चालू होता. मुलगा म्हणाला, "माझ्या तशा फार अपेक्षा नाहीत." त्याच क्षणी दोघांच्या मधून 'फुस्स' असा फवारा गेला. मुलगी म्हणाली, "माझ्याही." वर वर्तुळाकार फडकं फिरायला लागलं. दोघं बराच वेळ त्या फडक्याकडे बघत राहिली. निदान बघायला काहीतरी मिळालं होतं. मग पुसणाऱ्याचा हात पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेना, तेव्हा त्यानं मुलाला उठवलं. उठून जायचं कुठे? मुलगा मुलीच्या बाकावर जाऊन बसला. इकडून फडकं, तिकडून बादली, त्यामुळे जरा आत सरकूनच बसावं लागलं. काच पुसून झाली तरी मुलगा परत आपल्या जागेवर गेला नाही. काच पुसणारा शहाणा होता. त्यानं तीच काच दुसऱ्यांदा पुसायला घेतली. वडील मंडळींच्या टेबलावरून एक बाई वेटरला विचारत होत्या, "अजून किती वेळ चालणार आहे हे पुसणं?"

एवढा एक फायदा सोडला तर ही दुपारची वेळ काचेलाही मानवत नाही. ऊन लागणाऱ्या काचेवर पाणी मारलं की फडकं पोहोचायच्या आत ते सुकतं, आणि मागे राहतात ते पाण्यातले क्षार. ओघळाच्या वाटेनं पांढऱ्या रेघा उठतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर रेघा जास्तच ठसठशीत. म्हणून जाणकार माणूस काच उन्हात पुसत नाही. बरं, रात्री पुसावी तर दिव्यांच्या उजेडात रेघा दिसतच नाहीत, सकाळी उठून त्या सगळ्या एकदम दिसतात. म्हणजे शास्त्राप्रमाणे काच पुसायची ती सकाळी उन्हं यायच्या आधी, म्हणजे इडली आणि उपमा ऐन भरात असताना. शास्त्राला धंदा कळत नाही, तो असा.

साधनांचं म्हणाल तर सगळ्यात शहाणं साधन म्हणजे रबराची पट्टी लावलेला हातातला वायपर. अमेरिकेतल्या ओकलंड गावी राहणाऱ्या एत्तोरे स्तेकोने नावाच्या इटालियन माणसानं हलक्या पितळी मुठीचा आणि एकाच रबरी पट्टीचा वायपर बनवून १९३६ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचे वायपर जड असत आणि रबर बदलायचं म्हणजे स्क्रूंची पलटण खोलावी लागे. एक ओढ वरून खाली, पाणी गायब. नव्वद वर्षं झाली, त्यात कुणाला फारशी सुधारणा सुचलेली नाही. आपल्याकडे मात्र वायपर म्हणजे लांब दांड्याचा, मोरीतला. काचेला फडकंच लागतं, आणि फडकं म्हटलं की प्रकरण गंभीर होतं.

कारण हॉटेलातल्या फडक्याला नोकरीची पुस्तिका असते. ते रुजू होतं तेव्हा पांढरं असतं आणि वेटरच्या खांद्यावर शोभेला असतं. तिथून ते ताटल्या पुसायला जातं. मग टेबल. मग काच. मग खाली वाकून लादी. आणि शेवटी मोरीच्या कडेला खिळ्यावर लटकत सेवानिवृत्ती. ही पदावनती ज्या क्रमानं व्हायला हवी त्याच क्रमानं झाली तर माझी काही तक्रार नाही. गिऱ्हाइकाची धाकधूक वेगळीच असते: समोर जे फडकं काचेवरून फिरतंय ते खालच्या पदावरून वर बढती मिळून तर आलेलं नाही ना? काच पुसून झाल्यावर त्याच फडक्याची घडी उलटवून जेव्हा आपल्या टेबलावर एक निसटता हात मारला जातो, तेव्हा आपण डोशाची प्लेट नकळत छातीशी धरतो. ओल्या फडक्यांना जो कुबट वास येतो तो एका जिवाणूचा प्रताप असतो, असं जपानी संशोधकांनी शोधून काढलंय. त्याचं नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. एखाद्या महागड्या हॉटेलच्या मेन्यूकार्डावर पास्त्याच्या खाली छापलं तर चार लोक मागवतील.

फडक्यापेक्षा वर्तमानपत्र बरं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कागदाचे तंतू काचेला चिकटत नाहीत आणि पाणी शोषलं जातं. माझा अनुभव असा की काच सर्वांत छान चमकते ती अग्रलेखाच्या पानानं, कारण ते पान घडीतून बाहेरच न आल्यामुळे कोरं करकरीत असतं. वर्तमानपत्राचा हॉटेलांतला दुसरा उपयोग आता जाता राहिला. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली बजावलं. भजी गेली, काच राहिली. पत्रकारितेचा प्रभाव अजून टिकून आहे म्हणायचा तो एवढाच.

पण फडक्याचं, फवाऱ्याचं, वासाचं सोडा. खिडकीशी बसून जेवणाऱ्या मराठी माणसाची खरी पंचाईत वेगळी आहे. आपण जेवत असताना कुणी समोर आलं तर 'या जेवायला' म्हणायचं आणि समोरच्यानं 'होऊ द्या सावकाश' म्हणायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. दोघांनाही माहीत असतं की कुणी येणार नाही आणि कुणी वाढणार नाही. तरी रेल्वेच्या डब्यात डबा उघडताना समोरच्या अनोळखी प्रवाशाला आपण विचारतोच, आणि तोही हात जोडून नको म्हणतो. मग दोघंही मोकळे. आता काचेच्या बाहेरच्या बाजूनं एक माणूस येऊन उभा राहतो. त्याचं नाक आणि आपला डोसा यांच्यात वीतभर अंतर आणि एक काच. तो अख्ख्या काचेवर हात फिरवणार, म्हणजे निदान पाच मिनिटं समोर राहणार. बघावं तरी कुठे? त्याच्याकडे बघत घास चावणं अमानुष वाटतं. ताटात बघत चावावं तर चोरून खाल्ल्यासारखं होतं. फोन काढावा तर बोटं चटणीची. आतून 'या जेवायला' म्हणायची सोय नाही, कारण काच.

एकदा एका गृहस्थांनी म्हणून पाहिलं. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि हातही ताटाकडे गेला. बाहेरच्या माणसाला दिसले हलणारे ओठ आणि दाखवणारं बोट. त्याचा समज झाला की ह्यांना तोंडासमोर डाग दिसतोय. त्यानं फडकं ओलं केलं आणि बरोबर त्यांच्या तोंडासमोरची जागा जीव खाऊन घासायला लागला. गृहस्थ हात हलवून 'नाही, नाही' म्हणाले. तो आणखी जोर लावू लागला. शेवटी ह्यांनी मान डोलावली, तेव्हा त्याला समाधान वाटलं. सगळं जेवणभर गृहस्थांचा चेहरा अपराध्यासारखा होता, कोशिंबीरसुद्धा तशीच राहिली.

मुंबईत लोअर परळला, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या एका काचेरी मनोऱ्याच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर जेवायचा योग आला होता. बिल दुसऱ्या कुणाचं होतं, म्हणून योग म्हणायचं. तिथे खिडकीत आधी दोन बूट उतरले. मग गुडघे, मग कमरेची पट्टी, बादली, आणि शेवटी हेल्मेट घातलेला माणूस, दोरावर. सगळ्या टेबलांवर एकदम शांतता पसरली. इतका वेळ 'हे जरा कच्चं वाटतंय' म्हणून परत पाठवायला काढलेलं काहीतरी एका बाईंनी मुकाट्यानं खाल्लं. काहींनी फोन काढले. तो माणूस कुणाकडेच बघत नव्हता. मी मुद्दाम त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवलं. त्याची नजर माझ्या ताटापर्यंत येतच नव्हती. ती काचेवरच थांबत होती. मला वाटतं पंचाईतीचं सगळं मूळ इथे आहे. आपण काचेतून बघतो आणि तो काचेकडे बघतो. आपण ज्याच्या नजरेला घाबरून पदर घेतल्यागत पापड आडवा धरतो, त्याच्या लेखी आपण म्हणजे काचेमागचा एक रंगीत धब्बा, तोही न पुसता येणारा. पाच मिनिटांत त्यानं चौकट संपवली, दोराला झटका दिला आणि तो खालच्या मजल्यावरच्या लोकांचं जेवण बिघडवायला गेला.

गिऱ्हाइकाची मागणी एकच असते: हॉटेल स्वच्छ असलं पाहिजे, पण कुणी ते स्वच्छ करताना दिसता कामा नये. घाण दिसली तर आपण ओरडतो आणि फडकं दिसलं तरी ओरडतो. अन्नसुरक्षेच्या २०११ सालच्या नियमावलीत हॉटेलानं काय काय स्वच्छ ठेवावं, सफाईची रसायनं अन्नापासून वेगळी कशी ठेवावीत हे सगळं लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकानं त्या वेळी चेहरा कसा ठेवावा, याबद्दल मात्र नियमावली मौन बाळगते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण काचच नव्हती. खानावळीच्या खिडकीला गज असत आणि गजांवर पिढ्यानपिढ्यांची फोडणी असे. ती पुसायचा विचार कुणाच्या मनात आला असता तर आचाऱ्यानंच त्याला अडवलं असतं. इराण्याकडे काच होती ती आरशांची. मुंबईतलं कयानी १९०४ सालचं, पुण्यातलं गुडलक १९३५ सालचं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आणि इराण्याकडे हटकून असायचे ते भिंतीवरचे आरसे. गल्ल्यावर बसल्या जागेवरून कोण बिल न देता उठतंय हे दिसावं म्हणून ते लावलेले असत, असं म्हणतात. आरशाच्या शेजारी सूचनांची पाटी: केस विंचरू नयेत, जास्त वेळ बसू नये, आणखी बरंच काही. निसिम इझिकेलांनी इराण्याच्या असल्या सूचनांवर इंग्रजीत कविताच केली. सगळ्या सूचना गिऱ्हाइकाला. मालकानं काय करू नये याची पाटी कुठल्याच हॉटेलात कधी लागलेली नाही.

मग फॅमिली रूम आली. जेवताना कुणाची दृष्ट लागू नये, आणि लग्न व्हायच्या आधी कुणाची दृष्टी पडू नये, अशा दुहेरी सोयीसाठी लाकडी फळ्यांची खोकी, त्यांना धुरकट काचा आणि वर मळका पडदा. त्या धुरकट काचांचं सौंदर्य असं की त्या पुसल्या आहेत की नाहीत हे देवालाही सांगता आलं नसतं.

नितळ, अखंड, भिंतीएवढी काच सगळीकडे स्वस्त झाली ती इंग्लंडातल्या पिल्किंग्टन कंपनीमुळे. वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगत ठेवून सपाट काच काढायची रीत त्यांनी १९५९ साली जाहीर केली. ती आपल्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागला. आली ती एसीचा हात धरून. एसी लावला की हॉटेल बंद करावं लागतं, बंद केलं की लोकांना आत कोणी आहे की नाही कळत नाही, म्हणून काच. ज्या समाजात दारात पाहुणा दिसला की ताट झाकायचं शिकवलं जायचं, त्या समाजातली माणसं आता रस्त्याकडे तोंड करून, दिव्याखाली बसून, बिर्याणी खातात, आणि त्या टेबलासाठी वीस मिनिटं थांबतात.

रात्री अकराला हेच टेबल नकोसं होतं. बंद व्हायच्या वेळेला हॉटेल माणसाला 'उठा' असं कधी म्हणत नाही. ते फार सभ्य असतं. आधी लांबच्या कोपऱ्यातले दिवे जातात. मग पलीकडच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढतात, पाय वर करून. फिनेलची बादली येते. बडीशेप न मागता येते, तिच्याखाली बिल असतं. एवढं होऊनही एखादे बाप्पू आणि त्यांची मंडळी गुलाबजाम वाटून खात बसली, तर शेवटचं अस्त्र म्हणून काच. ती रात्री पुसून उपयोग नसतो हे पुसणाऱ्यालाही माहीत असतं. तो बाप्पूंच्या डोक्यामागची तीच चौकट पुसत राहतो, फवारा अंमळ जास्त मारतो. बाप्पूंना एकदा शिंक येते, दुसऱ्यांदा येते, आणि ते म्हणतात, "चला, निघू या. इथे गारठा वाढलाय."

दिवसा मात्र उलटं होतं. दिवसा गिऱ्हाईक उठत नाही, ते देखरेख करायला लागतं. काचेशी आपल्या लोकांचं नातंच तसं आहे. दर माणशी एक पैसा असा वर्षाला गोळा करून अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडानं १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना काढला. म्हणजे महाराष्ट्रात काच आली ती वर्गणीतून, आणि जिथे वर्गणी दिली तिथे लक्ष घालायचा अधिकार आपल्याला वंशपरंपरेनं मिळतो. पुढे कराडजवळ ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. त्या कंदिलाची काच रोज तिन्हीसांजेला राखेनं घासून पुसायचं काम घरातल्या पोरांकडे असे, कारण आत जाईल एवढा हात पोरांचाच. पोर पुसणार आणि आजोबा ओट्यावरून सांगणार, "तिथे राहिलंय बघ, काजळी." पोरं म्हातारी झाली, कंदील माळ्यावर गेले, पण ओट्यावरून सांगायचं काम कुणीतरी करायलाच हवं.

गेल्या उन्हाळ्यात एका हॉटेलात ते काम एका काकांनी घेतलं होतं. पांढरा सदरा, मनगटावर कातडी पट्ट्याचं घड्याळ, समोर फिल्टर कॉफी. आतून एक पोरगा काच पुसत होता, बाहेरून दुसरा. काकांनी जरा वेळ पाहिलं आणि मग त्यांना राहवेना.

"ए, वो उधर देखो. कोपरे में डाग राह्यला है."

"काका, मी बार्शीचा आहे."

"मग मराठीत बोल की! मी कशाला हिंदीत बोलतोय? तो बघ, उजवीकडे खाली."

पोरग्यानं पुसलं. डाग तसाच. त्यानं काचेवर बोट टेकवून बाहेरच्याला खूण केली, तुझ्या बाजूला आहे. बाहेरच्यानं पुसलं, डाग तसाच. त्यानं आत बोट दाखवलं, तुझ्या बाजूला आहे. बराच वेळ त्या दोघांचा कोपऱ्यावरून असा मूक भांडणाचा खेळ चालला. आजूबाजूची टेबलं त्यात सामील झाली. एका बाईंनी 'लिंबू चोळा' सुचवलं. लॅपटॉपवाल्यानं मान वर करून 'व्हिनेगर' एवढंच म्हटलं आणि परत खाली घातली. विमा एजंटनं काचेच्या विम्याचा विषय काढला. मित्रानं ती संधी साधून दार गाठलं.

"नखानं काढ," काकांनी फर्मावलं. पोरग्यानं नखानं काढून पाहिलं. मग ब्लेड आलं. ब्लेडचा किर्र आवाज ऐकून मॅनेजर गल्ला सोडून धावत आले.

"अरे, तो डाग नाहीये! कंपनीचा शिक्का आहे तो. टफन्ड काच आहे. भट्टीत घालायच्या आधीच उमटवतात, जन्मात निघत नाही. आयएस २५५३. नंबर आहे बघा त्याच्यावर."

सगळं हॉटेल काकांकडे बघायला लागलं. काकांनी कॉफीचा कप शांतपणे खाली ठेवला, खिशातून चष्मा काढला, तो पुसला, लावला, उठून काचेपाशी गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बाहेरचा माणूस आदरानं बाजूला झाला.

"तीन... पाच... पाच... दोन," काका वाचू लागले. मग थांबले. मान तिरकी केली. "हे उलटं आहे."

"आतून उलटंच दिसणार ना काका. ते बाहेरून वाचायचं असतं."

"बाहेरच्या लोकांनी? त्यांचा काय संबंध? बिल आत बसून आम्ही द्यायचं आणि नंबर वाचायचा रस्त्यावरच्यांनी?" काका सरळ झाले, चष्मा खिशात ठेवला. "म्हणजे काच उलटी बसवलीत तुम्ही. काढून नीट फिरवून घ्या. मी गुरुवारी येणारच आहे, तेव्हा बघतो."